हसू आल्यास प्रकरण निकाली

राज्यकर्ता एक वेळ प्रामाणिक नसला तरी राज्य चालतं, पण त्याला पोट नसेल तर वर्तमानपत्र चालत नाही. हे सत्य राज्यशास्त्राच्या पुस्तकांत सापडायचं नाही, कारण ती पुस्तकं लिहिणाऱ्यांना रोज दुपारी चारच्या आत चित्र द्यायचं नसतं. चौकटवाल्यांना द्यायचं असतं.

चौकटवाले म्हणजे शहरातल्या एकुलत्या एक दैनिकाचे व्यंगचित्रकार. पहिल्या पानावर, खाली डाव्या कोपऱ्यात, चार बोटं रुंदीची एक चौकट असते ती यांची. खरं नाव पगारपत्रकावर असेल, पण ते न वापरून वापरून गंजलं होतं. बायकोसुद्धा चारचौघांत "आमचे चौकटवाले" असंच म्हणे. (एकांतात काय म्हणे ते छापण्यासारखं नाही.)

बावीस वर्षं त्यांनी एकाच माणसाचं चित्र काढलं. पालिकेच्या जुन्या अध्यक्षांचं. पद्धत ठरलेली होती. आधी एक मोठा गोल काढायचा, ते पोट. खाली दोन पाय. मग जागा उरली तर डोकं, नाहीतर राहिलं. त्या पोटात चौकटवाल्यांनी काय काय घातलं म्हणता! दोन बागा, एक वाचनालय, शाळेचं मैदान, तलावातला निम्मा गाळ आणि पाठोपाठ अख्खा तलाव. जुने अध्यक्षही मोठे दिलदार. वाढदिवसाला न चुकता फोन करून मूळ चित्र मागून घेत आणि दिवाणखान्यात लावत. पाहुण्यांना सांगत, "बघा, माझ्यावर किती टीका होते!" लोक हसत, अंक खपत, चौकटवाल्यांना दर दोन वर्षांनी एक सन्मानचिन्ह मिळे. कुणाचंच काही बिघडत नव्हतं. (तलाव परत आला नाही, हा मुद्दा वेगळा.)

बिघडलं होतं ते फक्त आईचं.

चौकटवाल्यांचं घर नाल्याच्या काठावर. नाल्यापलीकडे बरोबर समोर मावशीचं घर, म्हणजे आईच्या धाकट्या बहिणीचं. मध्ये एक लहानसा पूल होता, आईच्या पावलांनी मोजून बावीस पावलं. रोज चार वाजता आई पलीकडे जायची, दोघी बहिणी शेजारीशेजारी बसायच्या आणि सबंध जगाला नावं ठेवून सहा वाजता आई परत यायची. तीन वर्षांपूर्वी पूल मधोमध तुटून नाल्यात पडला. (त्याचं उद्घाटन दोनदा झालं होतं, दुरुस्ती एकदाही नाही.) लांबच्या रस्त्याने जायचं तर मावशीच्या घराला त्या बाजूने चौसष्ट पायऱ्या, आणि जिना असा अरुंद की माणसाला खुर्चीत बसवून न्यावं तर खुर्चीच अडकते. आईचे गुडघे सहाव्या पायरीला राम म्हणत. तेव्हा दोघी आपापल्या खिडकीत बसून ओरडून बोलू लागल्या. त्यात मावशीचे कान जाऊ लागले. आई विचारायची, "जेवलीस का?" आणि पलीकडून उत्तर यायचं, "नाही गं, अजून वाळले नाहीत!"

"पुढल्या वर्षी तिला काही ऐकू येणार नाही आणि मला काही दिसणार नाही," आई मुलाला म्हणाली. "मग खिडकीत बसून आम्ही करायचं काय? एवढा मोठा चित्रकार तू. एकदा मला तिच्या शेजारी नेऊन बसव बाबा. जास्त काही मागत नाही."

अशात निवडणूक झाली, आणि काय सांगावं, सुधारणावादी निवडून आले!

नवे अध्यक्ष म्हणजे सुधारणेचा मूर्तिमंत पुतळा. जाहीरनाम्यात एकशे एकेचाळीस आश्वासनं होती आणि त्यांतलं अडतिसावं नाल्यावरच्या पुलाचं. आईने ते पान कापून उशीखाली ठेवलं. माणूस खरोखर चांगला. सकाळी सहाला उठणारा, लाच न घेणारा, फोन स्वतः उचलणारा. दोष म्हणून एकच होता, त्यांना व्यंगच नव्हतं. मध्यम उंची, मध्यम बांधा, नाक नाकाच्या जागी, कान मोजून दोन. चौकटवाल्यांनी पहिल्या दिवशी त्यांचं चित्र काढलं तेव्हा तीन वाचकांनी विचारलं, ही जाहिरात कशाची आहे? दुसऱ्या दिवशी दोघांनी दुखवटा कळवला.

संपादकांनी बोलावून घेतलं. "अहो, हा कोण?"

"नवे अध्यक्ष."

"मग खाली लिहा तसं."

"लिहिलंय."

"मग मोठं लिहा. वाचकांनी काय भिंग घेऊन बसायचं?"

ही अडचण नव्या अध्यक्षांच्या कानावर गेली. जुन्यांनी असल्या गोष्टीकडे ढुंकून पाहिलं नसतं, पण हे सुधारक पडले. ते स्वतः दैनिकाच्या कार्यालयात आले, चौकटवाल्यांच्या टेबलासमोर स्टुलावर बसले आणि म्हणाले, "टीका हा लोकशाहीचा प्राणवायू आहे. माझ्यात काय कमी आहे ते स्पष्ट सांगा."

"कमी काहीच नाही साहेब," चौकटवाले म्हणाले. "जास्तही काही नाही. तिथेच तर घोडं अडलंय. आणि साहेब, आमच्या नाल्यावरचा पूल..."

"अडतीस नंबर," अध्यक्ष ताबडतोब म्हणाले. "माझ्या पूर्ण लक्षात आहे." आणि ते होतंही. त्यांच्या सगळंच लक्षात असे.

आठवड्याभरात 'अध्यक्षीय व्यंग निश्चिती समिती' नेमली गेली. सदस्य अकरा, मुदत एकवीस दिवस. नागरिकांकडून चार हजार तीनशे बारा सूचना आल्या. (त्यांतल्या तीन हजार नऊशे समितीने वाचून लगेच फाडल्या, एका सदस्याने राजीनामा दिला.) मिशीचा प्रस्ताव आला, पण ती उगवायला लागणारा काळ समितीच्या मुदतीत बसेना. शेवटी बहुमताने छत्री ठरली. त्या दिवसापासून नवे अध्यक्ष सभेत, लिफ्टमध्ये, दाढी करवून घेताना, कुठेही छत्री उघडून असत. कारभार पारदर्शक असावा म्हणून छत्रीही पारदर्शक प्लास्टिकची घेतली होती. लोक त्यांना लांबूनही ओळखू लागले. चौकटवाल्यांच्या जिवात जीव आला.

पण सुधारणा म्हणजे उतारावर सोडलेली गाडी, ती एका जागी थांबत नाही. महिन्याने आदेश निघाला की मागची राजवट व्यंगचित्रं नुसती बघत असे, नवी राजवट त्यांची दखल घेईल. 'व्यंगचित्र दखल कक्ष' उघडला. प्रत्येक चित्राला आवक क्रमांक पडेल, चित्र ही नागरिकाची तक्रार समजली जाईल आणि अठ्ठेचाळीस तासांत चित्राप्रमाणे कार्यवाही होईल. कक्षाच्या प्रमुख म्हणून एक बाई नेमल्या. त्या इतक्या कार्यक्षम होत्या की त्यांच्या टेबलावर कागद कधी साचलाच नाही, पेपरवेट नुसता बसून असे.

सुरुवातीचे निकाल डोळे दिपवणारे होते. चौकटवाल्यांनी फायलीला कासवाच्या पाठीवर बसवलेलं दाखवलं. तिसऱ्या दिवशी अभिलेख विभागात सात कासवं रुजू झाली. (फायलींचा सरासरी वेग अकरा टक्क्यांनी वाढला, हे नमूद करायलाच हवं.) मग त्यांनी एका कारकुनाच्या टेबलावर कोळ्याचं जाळं दाखवलं. ज्यांच्या टेबलावर जाळं नव्हतं अशा एकोणीस कारकुनांना ते सन्मानाने पुरवण्यात आलं, कारण चित्रात होतं. शहर धन्य झालं. आजवर जगात कुठल्याही चित्रकाराचं इतकं ऐकलं गेलं नसेल.

आईने हे सगळं खिडकीतून ऐकलं आणि म्हणाली, "अरे, मग काढ की पूल! सोन्यासारखी संधी आलीय, आणि तू कासवं काय काढत बसलास?"

चौकटवाल्यांना लाज वाटली. दुसऱ्याच दिवशी त्यांनी काढलं. नाल्याच्या काठावर छत्री धरून उभे असलेले अध्यक्ष, हातात उद्घाटनाची कात्री, समोर लाल रिबीन, आणि पूल नसल्यामुळे आई डोंबाऱ्यासारखी त्या रिबिनीवरून तोल सांभाळत पलीकडे निघालेली. चित्र झकास उतरलं. संपादक तीनदा हसले.

तिसऱ्या दिवशी सकाळी नऊला चार कामगार, दोन निरीक्षक आणि एक शिडी घेऊन पालिकेची गाडी आली. दुपारपर्यंत नाल्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत एक लाल रिबीन ताणून बांधली गेली. रेशमी, चार बोटं रुंद, दोन्हीकडे गाठ पक्की. शेजारी फलक लागला: 'पादचाऱ्यांसाठी. एका वेळी एकाच व्यक्तीने जावे.'

आईने खिडकीतून पाहिलं. "हे काय रे?"

"पूल," चौकटवाले खाली मान घालून म्हणाले.

"रंग बरा आहे," आई म्हणाली, आणि तिने खिडकी लावून घेतली. तीन वर्षांत भर दुपारी ती खिडकी पहिल्यांदाच लागली होती.

चौकटवाले तडक कक्षात गेले. बाईंनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि चित्र समोर ठेवलं.

"रिबीन होती, रिबीन दिली. यात पूल कुठे दिसतोय तुम्हाला?"

"पूल नाहीये म्हणूनच तर काढलं ना, बाई!"

"चित्रात जे नाही ते आम्ही कसं द्यायचं? उद्या लोक म्हणतील, कक्ष चित्राबाहेरची कामं करतो. असले प्रकार मागच्या राजवटीत चालायचे."

बोलणं बिनतोड होतं. चौकटवाले घरी आले, दोरीने नाला मोजला आणि साधा सरळ पूल काढला. दोन बाजूंना कठडे, मध्ये सपाट रस्ता, पायऱ्या एकही नाही. अध्यक्ष नाहीत, छत्री नाही, विनोद औषधालासुद्धा नाही. छापून आल्यावर वाचकांना वाटलं, आज चौकटवाल्यांची तब्येत बरी नसावी. अठ्ठेचाळीस तासांत उत्तर आलं: 'सदर चित्रात विनोद आढळून येत नाही. सबब ते व्यंगचित्र नसून आराखडा आहे. आराखडे अभियंता विभागाकडे पाठवले जातात. आपला क्रमांक एक हजार नऊशे सहा.'

अभियंता भला माणूस. त्याने चौकटवाल्यांना बाजूला घेतलं. "काका, खरं सांगू? आमच्या विभागातलं काम लवकर व्हावं म्हणून आम्हीच आता व्यंगचित्रं शिकायला लागलोय. तुमचा क्लास-बिस असेल तर सांगा. माझी एक पाण्याची टाकी अडकलीय."

म्हणजे धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. विनोद घातला तर विनोदाची अंमलबजावणी होणार, नाही घातला तर चित्रच विचारात घेतलं जाणार नाही. चौकटवाले तीन दिवस जेवणावरून अर्धवट उठले. बायको म्हणाली, "अहो, बावीस वर्षं त्या पोटात शहर कोंबलंत, तेव्हा नाही एवढा विचार केलात!" ते त्यांना लागलं. खरं होतं ना ते.

मग त्यांनी आयुष्यातलं सगळ्यात चांगलं चित्र काढलं. पूल मापात, कठड्यांसकट, खिळान्‌खिळा बरोबर. पुलाच्या मधोमध दोन म्हाताऱ्या बहिणी मांडी ठोकून गप्पा मारत बसलेल्या. आणि पुलाच्या एका टोकाला उद्घाटनासाठी छत्री धरून ताटकळलेले नवे अध्यक्ष, ज्यांची दाढी वाढून पायापर्यंत आली आहे आणि दाढीत एका चिमणीने घरटं केलं आहे. विनोद एवढाच. हिशेब असा की कक्षाने शब्दशः अंमलबजावणी केली, तरी अध्यक्षांना दाढी येईल, चिमणीला घर मिळेल आणि आईला पूल.

अंक निघाला आणि शहर हसून हसून लोळलं. आईने चित्र डोळ्यांजवळ धरून पाहिलं आणि खिडकी उघडली. पलीकडे मावशी भिंग घेऊन तेच चित्र बघत होती. मावशीने मान वर केली, आईकडे बोट दाखवलं, चित्रातल्या जाड म्हातारीकडे बोट दाखवलं, आणि तोंडावर हात ठेवून हसायला लागली. आईही सुटली. दोघी एकमेकींकडे बघून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. तीन वर्षांत पहिल्यांदाच एकीचं दुसरीला पुरतं समजलं होतं. चौकटवाले दारात उभे राहून बघत होते आणि त्यांना फार बरं वाटत होतं.

नाल्यावर त्या वेळी कक्षाचे दोन निरीक्षक नोंदवही घेऊन उभे होते. तेही बघत होते.

दुसऱ्या दिवशी पत्र आलं. 'नियम सात (नवीन) अन्वये, व्यंगचित्राचा हेतू हास्यनिर्मिती हा असल्याने, हास्य प्राप्त होताच तक्रारीचा हेतू सफल झाला असे समजण्यात येईल. प्रस्तुत प्रकरणी हसलेल्या व्यक्ती: सहा हजार आठशे चाळीस. पैकी तक्रारदाराची आई (मोठ्याने, चार मिनिटे). तक्रारदाराची मावशी (तोंडावर हात ठेवून, सहा मिनिटे). सबब प्रकरण निकाली काढण्यात येत आहे. आपल्या सहकार्याबद्दल आभार.'

चौकटवाले उभ्या आयुष्यात कुणावर ओरडले नव्हते. त्या दिवशी ओरडले. "बाई, ती हसली म्हणून तिला पूल नको, असं कसं? बहीण आहे तिची पलीकडे! तीन वर्षं शेजारी बसायला मिळालेलं नाही तिला!"

"दुःख असतं तर चार मिनिटं हसल्या असत्या का त्या?" बाई शांतपणे म्हणाल्या. मग त्यांनी दार लोटून घेतलं, आवाज खाली आणला आणि खणातून एक पिवळा अर्ज काढला. "हे बघा, अपील करता येतं. मुदत नव्वद दिवस. एक सज्ञान माणूस आणा. त्याला प्रकरण पहिल्यापासून शेवटपर्यंत, काही न गाळता, माहीत असलं पाहिजे, आणि तो एकदाही हसलेला नसला पाहिजे. नुसता ओठाचा कोपरा हलला तरी चालणार नाही. त्याने सही केली की मी स्वतः फाईल उघडते. मीच केली असती, पण..." बाईंनी खिडकीकडे पाहिलं. "त्या चिमणीने घात केला माझा."

चौकटवाले माणूस शोधायला निघाले. संपादक आधीच तीनदा हसलेले, ते बाद झाले. अभियंता कासवापर्यंत तगला. बायको जाळ्यापर्यंत आली, मग म्हणाली, "थांबा हं, एकोणीसच का पण?" आणि गेली. दोन घरं सोडून एक शेजारी होते, जे आपल्या लग्नातही हसले नव्हते. (फोटो आहेत.) तेही रिबिनीवर घसरले. स्मशानातला नोंदणी कारकून सगळं ऐकून दगडासारखा बसला. चौकटवाल्यांनी पेन पुढे केलं. कारकुनाने टोपण काढलं आणि विचारलं, "एका वेळी एकाच व्यक्तीने, असंच लिहिलं होतं का?" आणि हसता हसता टोपण पुन्हा लावणंसुद्धा त्याला जमेना.

एकच माणूस अजिबात हसला नाही. नवे अध्यक्ष. त्यांनी छत्रीखाली बसून अख्खी फाईल वाचली, प्रत्येक पानावर मान डोलावली आणि म्हणाले, "यात हसण्यासारखं काय आहे? सगळं नियमानुसार झालंय. द्या, मी करतो सही." पण ज्याच्यावर चित्र त्याची सही ग्राह्य नाही, हा नियम त्यांनीच केलेला होता आणि स्वतःचा नियम मोडणाऱ्यांतले ते नव्हते. त्यांना खरंच वाईट वाटलं. जाताना त्यांनी पुन्हा सांगितलं, "अडतीस नंबर. माझ्या पूर्ण लक्षात आहे."

"मी करते सही," आई म्हणाली.

"तू हसलीस आई."

"मग आता रडते."

"नोंद होऊन गेलीय."

आईने पलीकडच्या खिडकीकडे पाहिलं. मग म्हणाली, "मी तुझ्या चित्राला हसले नाही रे. ती हसताना दिसली, म्हणून हसले."

चौकटवाल्यांनी हे बाईंना जाऊन सांगितलं. बाईंनी लिहून घ्यायला पेन उचललं. मग त्यांनी नोंदवही उघडून दाखवली. कारण लिहायला तीत रकाना नव्हता.

आज सत्त्याऐंशी दिवस झाले आहेत. शहरात हे प्रकरण न ऐकलेला माणूस उरला नाही, आणि अध्यक्ष सोडले तर ऐकून न हसलेलाही उरला नाही. म्हणून चौकटवाल्यांच्या विनंतीवरून ही हकिकत शहराबाहेरच्या वाचकांसाठी पहिल्यापासून शेवटपर्यंत, काहीही न गाळता, इथे दिली आहे. तुम्ही सज्ञान आहात. दुसऱ्याचं दुःख समजणाऱ्यांपैकी आहात, असं तुमच्याबद्दल सगळे सांगतात. इथवर येईपर्यंत तुम्ही एकदाही हसला नसाल, तर खाली सहीसाठी जागा सोडली आहे. हसला असाल तर मात्र सही करू नये, खोटी सही हा गुन्हा आहे. तुमचं नाव हसलेल्यांत धरलं जाईल आणि प्रकरण कायमचं निकाली निघेल. तसं त्या दोघी बहिणींना हाताने खूण करून कळवण्यात येईल, कारण धाकटीला गेल्या आठवड्यापासून अजिबात ऐकू येत नाही.